सापाला रंग कोणता द्यावा?

मुलांना रंगविण्यासाठी मिळणाऱ्या चित्रांच्या वहीत हत्ती, मोर, वाघ यांच्या जोडीला एक पान हमखास सापाचे असते. इंटरनेटवरून तर अशी रेखाचित्रे हवी तितकी छापून घेता येतात. वेटोळे घातलेला, हसऱ्या चेहऱ्याचा, लांब पापण्यांचा आणि जीभ बाहेर काढलेला साप त्या पानावर बसलेला असतो. मूल त्याला हिरवा रंग देते, पाठीवर लाल-पिवळे ठिपके काढते आणि चित्र पूर्ण होते. हत्ती निळा रंगविला म्हणून फारसे बिघडत नाही, कारण खरा हत्ती ओळखण्यात कोणाची चूक होत नाही. सापाचे तसे नाही. घरात शिरलेला साप विषारी की बिनविषारी, हे ठरविताना मोठ्यांच्या डोळ्यांपुढेही बालपणी पाहिलेले आणि रंगविलेले चित्रच उभे राहते आणि ते बहुधा चुकीचे असते.

या चुकीची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. दुसरीकडे धामण, कवड्या, तस्कर, दिवड असे निरुपद्रवी साप केवळ साप आहेत म्हणून काठीखाली मरतात. जगात सापांच्या सुमारे ४ हजार जाती असून भारतात तीनशेहून अधिक आढळतात. माणसाच्या जिवाला धोका पोहोचविणाऱ्या जाती त्यांत थोड्या आहेत आणि महाराष्ट्रातील गंभीर सर्पदंश प्रामुख्याने चारच सापांमुळे होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांचे रंग नीट ठाऊक असले तरी पुष्कळ काही साधते.

चित्रांची जुनी परंपरा

सापांची अचूक रंगीत चित्रे काढण्याची खटपट भारतात सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश वैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत विशाखापट्टणम येथे होता. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांची माहिती देणारा त्याचा सचित्र ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे सापाला मरतात आणि तो साप नेमका कोणता हे कोणाला सांगता येत नाही, ही अडचण दूर करणे हा त्यामागील एक हेतू होता. इंग्रजीत घोणसाला त्याचेच नाव मिळाले आहे. पुढे १८७२ मध्ये जोसेफ फेअरर या शल्यवैद्याने भारतातील विषारी सापांवर मोठ्या आकाराचा ग्रंथ काढला. त्यातील चित्रे कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी काढली होती. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकातून विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने भारतातील सामान्य सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली. तिच्यातील रंगीत चित्रे आजही अभ्यासक उलगडून पाहतात.

चित्र काढायचे तर साप जिवंत असताना का पाहावा लागतो, याचे कारण मोठे गमतीचे आहे. सापाच्या कातडीतील रंग दोन प्रकारे तयार होतो. काही पेशींत काळे, तपकिरी, पिवळे वा लाल रंगद्रव्य असते. काही पेशींत रंगद्रव्य नसून अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि ते प्रकाश परावर्तित करून निळसर छटा निर्माण करतात. हिरव्या सापाच्या अंगात हिरवा रंग असा बहुधा नसतोच; खालून येणारी निळी छटा आणि वरचे पिवळे रंगद्रव्य मिळून आपल्याला तो हिरवा दिसतो. चित्रकलेच्या तासाला निळ्यात पिवळा मिसळून हिरवा करतात, तोच हा प्रकार. असा साप मद्यार्कात घालून ठेवला की पिवळे रंगद्रव्य विरघळून जाते आणि संग्रहालयाच्या बरणीत निळा साप उरतो! बरणीकडे पाहून चित्र रंगविणाऱ्याची फसगत ठरलेली.

हे रंग कातडीच्या आतल्या थरात असतात. म्हणूनच सापाने टाकलेली कात जवळजवळ रंगहीन, पारदर्शक असते. कात टाकण्यापूर्वी काही दिवस सापाचा रंग मळकट होतो आणि डोळ्यांवर दुधाळ निळसर पडदा येतो. कात टाकल्यावर तोच साप लखलखीत दिसू लागतो. एकाच सापाची दोन वेगळ्या आठवड्यांत काढलेली छायाचित्रे दोन जातींची वाटावीत, इतका हा फरक असू शकतो.

तपकिरी खडू आधी झिजावा

मुलांच्या चित्रांत साप हिरवा असला तरी महाराष्ट्रातील बहुसंख्य साप तपकिरी आहेत. माती, पालापाचोळा, वाळलेले गवत आणि दगड यांत दडून राहणाऱ्या प्राण्याला दुसरा रंग परवडणारा नाही. मात्र तपकिरी रंगाच्या किती छटा असाव्यात! गव्हाळ, मातकट, विटकरी, राखी, चॉकलेटी, काळपट. खडूंच्या खोक्यात एकच तपकिरी खडू असेल तर सापांची वही पुरी होणे कठीण.

नागापासूनच आरंभ करावा. त्याचा रंग फिकट गव्हाळ ते जवळजवळ काळा असा कोणताही असतो, त्यामुळे केवळ रंगावरून नाग ओळखता येत नाही. त्याची खूण म्हणजे फणा. मानेजवळच्या लांब बरगड्या ताणून तो कातडी पसरवितो. या फण्यावर असणारे चष्म्यासारखे किंवा १० च्या आकड्यासारखे चिन्ह सर्वांना माहीत आहे. परंतु ते फण्याच्या मागच्या बाजूस असते, हे बहुतेक चित्रकार विसरतात. समोरून पाहिल्यास गळ्यावर दोन काळे ठिपके आणि त्याखाली आडवे गडद पट्टे दिसतात. चित्रातील नाग आपल्याकडे तोंड करून उभा असेल आणि त्याच्या छातीवर १० चा आकडा असेल, तर तो नाग केवळ कागदावरच सापडेल. काही नागांच्या फण्यावर हे चिन्ह पुसट असते वा मुळीच नसते. स्वस्थ असलेला, फणा मिटलेला नाग तर धामणीसारखा दिसतो, आणि धामण समजून त्याच्याजवळ जाणे धोक्याचे ठरते. क्वचित रंगद्रव्याच्या अभावी पांढरा नाग जन्माला येतो. तो पाहण्यासाठी गर्दी लोटते, हळदकुंकू वाहिले जाते. वास्तविक तो इतर नागांसारखाच नाग असतो आणि तितकाच विषारी असतो.

धामण पिवळसर, तपकिरी वा हिरवट असते. शरीराच्या मागच्या भागावर व शेपटीवर काळ्या कडांची जाळीदार नक्षी आणि ओठांवर उभ्या काळ्या रेघा, ही तिची ओळख. दोन मीटरपर्यंत सहज वाढणारा हा साप उंदरांचा कर्दनकाळ आहे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत शेतकऱ्याच्या या मित्राच्या जिवावर उठली आहे. सापाला दूध शोषून घेता येत नाही. तशी ओठांची व तोंडाची रचनाच त्याच्यापाशी नसते.

घोणस हा रंगविण्यास सर्वांत देखणा साप म्हणावा लागेल. पिवळसर तपकिरी अंगावर मोठ्या, गडद, लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी मानेपासून शेपटीपर्यंत साखळीसारख्या जातात. प्रत्येक ठिपक्याला काळी किनार आणि तिच्याभोवती बहुधा पांढुरकी कड असते. डोके त्रिकोणी, अंग जाडजूड, शेपूट आखूड. डिवचल्यास तो प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकतो. येथे चित्रकाराने एका गोष्टीची काळजी घ्यावी. अजगराच्या अंगावरही तपकिरी ठिपके असतात. परंतु ते वेडेवाकडे, नकाशातील प्रदेशांसारखे आणि एकमेकांना खेटून असतात. घोणसाचे ठिपके मात्र रेखीव असतात. ‘अजगराचे पिल्लू’ समजून घोणस हाती धरल्याने दंश झाल्याच्या घटना नवीन नाहीत. उलटपक्षी, डुरक्या घोणस हा पूर्णपणे बिनविषारी साप केवळ नावामुळे आणि अंगावरच्या डागांमुळे मारला जातो.

फुरसे आकाराने लहान, बहुधा फूट-दीड फुटाचे. कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, विशेषतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग भागांत ते मोठ्या संख्येने आढळते आणि तेथे त्याचा रंगही जांभ्याशी मिळताजुळता, विटकरी असू शकतो. दोन्ही कुशींवरून पांढुरकी नागमोडी रेघ आणि डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण काढली की फुरसे झाले. त्याचे खवले करवतीच्या दात्यांसारखे असतात. वेटोळ्यावर वेटोळे घासून ते खरखर आवाज करते. लहान असल्याने पानापाचोळ्यात ते दिसत नाही आणि आंबा-काजूच्या बागेत काम करणाऱ्यांच्या हातापायाला दंश होतो.

मण्यार आणि कवड्या

चौघांतील मण्यारीची गोष्ट वेगळी. ती चुकीची रंगविली गेली तर सर्वांत महागात पडते.

मण्यारीचा रंग निळसर झाक असलेला चकचकीत काळा असतो. तिच्या शास्त्रीय नावातही ‘निळा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. या काळ्या अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असतात आणि ते बहुधा जोडीजोडीने येतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे पट्टे डोक्यालगत सुरू होत नाहीत. मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे जाताना अधिक ठळक होतात. पाठीच्या मध्यावरून जाणारी खवल्यांची ओळ इतर खवल्यांपेक्षा मोठी आणि षट्कोनी असते.

कवड्या हा घराघरांत सापडणारा, संपूर्ण बिनविषारी साप आहे. पाली हे त्याचे आवडते खाद्य. त्यांच्या मागे तो भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, माळ्यावर चढतो. त्याचा रंग तपकिरी वा चॉकलेटी असतो आणि पट्टे पिवळसर पांढरे. हे पट्टे थेट मानेपासून सुरू होतात, पुढे रुंद असतात आणि शेपटीकडे विरत जातात. म्हणजे मण्यारीच्या नेमके उलट! रंगखडू घेऊन बसलेल्या मुलाला एवढे एकच वाक्य सांगावे: मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक, कवड्याचे मानेकडे ठळक. दोन कोरी रेखाचित्रे शेजारी ठेवून दोन्ही साप एकाच बैठकीत रंगवून घेतले, तर हा फरक पुन्हा विसरला जाणार नाही.

अर्थात निसर्ग पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागतोच असे नाही. पट्टेरी कवड्या या भाऊबंदाचा रंग काळा असतो आणि तो मण्यारीच्या अधिकच जवळ जातो. पिल्लू मण्यारीचे पट्टे मानेपर्यंत येतात, तर एखाद्या वयस्क मण्यारीवर पट्टे जवळपास दिसतच नाहीत. ही मिळतीजुळती वेशभूषा निव्वळ योगायोग नसावी. विषारी सापासारखे दिसल्याने शत्रू दूर राहतात आणि बिनविषारी सापाचे फावते, असे जीवशास्त्रज्ञ मानतात. माणसाच्या बाबतीत मात्र ही युक्ती कवड्याच्या अंगाशी आली आहे.

मण्यार रात्री फिरते. उंदीर, पाली आणि इतर साप शोधत ती घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात वा पाय लागला की चावते. तिचे विषदंत बारीक असतात. दंशाच्या जागी सूज नसते, वेदना नाममात्र असते, पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि पुढे श्वास घेणारे स्नायू निकामी होतात. घरच्यांना अपचन वाटते, कोणी ओवा देतो, आणि मोलाचे तास निघून जातात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीला पहाटे विनाकारण पोटदुखी आणि पापण्यांचा जडपणा जाणवल्यास, दंशाची खूण दिसो वा न दिसो, तिला रुग्णालयात न्यावे. वेळेत कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाल्यास असे रुग्ण पूर्ण बरे होतात. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घेणे, हा मण्यारीपासून बचावाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हिरवा खडू कोणासाठी?

हिरव्या खडूचीही सोय आहे. मात्र तिघांत तिघेही वेगळे हिरवे. हरणटोळ पोपटी असतो, अंगाने चाबकासारखा सडपातळ, तोंड पुढे निमुळते. त्याच्या डोळ्याची बाहुली आडवी असते आणि ही गोष्ट सापांत दुर्मीळ आहे. चिडला की अंग फुगवितो आणि खवल्यांमधली काळी-पांढरी चौकटीची नक्षी अचानक दिसू लागते. तो कपाळाला भोक पाडतो, ही केवळ वदंता. त्याचे सौम्य विष सरडे व लहान पक्षी यांच्यापुरते असते.

गवत्या जमिनीवर, गवतात राहतो. त्याचा हिरवा शेवाळी, मंद. बेडकांवर जगणारा हा बिनविषारी साप सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात हमखास भेटतो. डिवचल्यास तो मान थोडी चपटी करतो आणि पाहणाऱ्याला ‘हिरवा नाग’ दिसल्याचा साक्षात्कार होतो.

तिसरा बांबू चापडा. रंग हिरवा, पण डोके स्पष्ट त्रिकोणी, मान बारीक, अंग जाड आणि बाहुली मांजरासारखी उभी. हा विषारी आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खाच असते. तिच्या साहाय्याने अंधारातही भक्ष्याच्या अंगाची ऊब त्याला जाणवते. त्याचाच सोयरा मलबार चापडा आंबोली, तिलारी आणि गोव्याच्या जंगलांत आढळतो. रंगविणाऱ्यांसाठी ही पर्वणीच, कारण एकाच जातीत हिरवे, तपकिरी, पिवळे आणि नारिंगी झाक असलेले चापडे असतात. येथे मुलाने कोणताही खडू उचलला तरी त्याला चूक म्हणता येणार नाही.

लाल-पिवळ्या रंगांची हौस उडत्या सोनसर्पावर भागविता येते. पश्चिम घाटातील हा साप बरगड्या पसरून अंग चपटे करतो आणि झाडावरून झाडावर तरंगत उतरतो. त्याला पंख काढण्याची गरज नाही. पिवळे-काळे रुंद पट्टे रंगवायचे असतील तर पूर्व विदर्भात मिळणारी पट्टेरी मण्यार आहे. परदेशी वह्यांत लाल-पिवळा-काळा असा एक पट्टेरी साप नेहमी दिसतो. तो अमेरिकेतला. पट्ट्यांच्या क्रमावरून तो विषारी की बिनविषारी हे सांगणारे एक इंग्रजी यमक तिकडे मुलांना शिकवितात. ते आपल्याकडे लागू पडत नाही, आणि शेपटीत खुळखुळा असलेला सापही भारतात नाही.

रेखाचित्रातल्या चुका

रंग अचूक दिला तरी मूळ रेखाचित्रच चुकलेले असते, त्याचे काय? सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघून येतो. त्यामुळे डोळे मिटून झोपलेला साप चित्रातच असतो. जीभ हे शस्त्र नव्हे. दुभंगलेल्या जिभेने हवेतील गंधकण गोळा करून साप ते टाळूतील एका अवयवापर्यंत पोहोचवितो. थोडक्यात, जीभ हे त्याचे नाकच आहे. बाह्यकर्ण नसल्याने तो बहिरा असतो असे पूर्वी समजत. जबड्याच्या हाडांतून जमिनीची कंपने आणि हवेतील खालच्या पट्टीचे आवाज त्याला कळतात, असे आता दिसून आले आहे. गारुड्याच्या पुंगीवर नाग डोलतो तो सुरांसाठी नव्हे. हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवण्यासाठी. प्रत्येक सापाला फणा काढणे ही तर चित्रकारांची आवडती चूक. आपल्याकडे फणा नागाला आणि त्याच्याहून मोठ्या नागराजाला. नागराज पालापाचोळा गोळा करून अंड्यांसाठी घरटे बांधतो, असे करणारा तो एकमेव साप होय.

मिश्या, मस्तकावरील मणी आणि पाच-सात फणे ही कल्पनेची लेणी आहेत. ती धार्मिक चित्रांत शोभतात आणि तेथे त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. श्रावणात देवघरात लागणाऱ्या जिवतीच्या कागदावर कालियाच्या फण्यावर उभा असलेला कृष्ण असतो. नागपंचमीला पाटावर गंधाने वा हळदीने नागाची चित्रे काढून त्यांना लाह्या, दूर्वा, दूध वाहण्याची प्रथा कितीतरी घरांत आहे. ती प्रथा जुनी आहेच, शिवाय शहाणपणाचीही आहे, कारण चित्रातल्या नागाला दूध वाहिल्याने त्याचे काही बिघडत नाही. टोपलीतल्या नागाची गत वेगळी असे. कित्येक दिवस तहानलेला ठेवल्याने तो समोर येईल ते पितो, दात उपटल्याने तोंडात जखमा होतात आणि दूध श्वासनलिकेत गेल्यास जीव जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये साप पकडून खेळ करणे हा गुन्हा आहे.

मांडूळ या सापाचे चित्रही नेहमी चुकते, पण त्याला जबाबदार चित्रकार नव्हे, अफवा आहे. लालसर तपकिरी, गुळगुळीत, बोथट शेपटीचा हा साप दोन तोंडांचा म्हणून प्रसिद्ध झाला. वास्तविक ती शेपटीच आहे. संकटात डोके वेटोळ्यात लपवून तो शेपटी पुढे करतो, म्हणजे घाव तिच्यावर बसावा. हा साप घरात ठेवल्यास पैशांचा पाऊस पडतो, या भूलथापेपायी त्याची तस्करी होते आणि महाराष्ट्रात पोलीस व वन खाते वरचेवर अशी मांडुळे जप्त करतात. चित्रात त्याला एकच तोंड काढावे.

रंग ओळखता आला नाही तर

दंश झाल्यावर साप ओळखीत बसण्याची आवश्यकता नाही. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकत्रितपणे चालते. घोड्यांना विषाची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून ते तयार करतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी कित्येक दशके जोडलेले आहे. त्यामुळे साप मारून रुग्णालयात नेणे अनावश्यक असून त्या खटपटीत दुसऱ्यालाही दंश होऊ शकतो. दुरून मोबाईलवर छायाचित्र सहज मिळाले तर ठीक, न मिळाले तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. काचेच्या नळीत घेतलेले रक्त २० मिनिटांत गोठते की नाही, या साध्या चाचणीतून ते कळते.

रुग्णाला धीर द्यावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, दंश झालेला हात वा पाय हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन गाठावे. जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे, बर्फ लावणे, मांत्रिकाकडे नेणे, यांतील प्रत्येक गोष्ट अपायकारक आहे. चापड्याच्या विषावर हे प्रतिसर्पविष गुणकारी नाही. अन्य उपचार रुग्णालयातच होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. घरात साप शिरल्यास वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक किंवा परिसरातील सर्पमित्र यांची मदत घ्यावी. ते येईपर्यंत दुरून सापावर नजर ठेवणे पुरेसे असते.

चित्रासाठी जिवंत साप पाहण्याची इच्छा असणाऱ्या पुणेकरांना कात्रजचे सर्पोद्यान जवळचे. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास काढण्याचा विक्रम केला आणि पुढे त्यांच्याच पुढाकाराने हे उद्यान उभे राहिले. काचेआडचा साप बराच वेळ स्तब्ध पडून राहतो, त्यामुळे वही-पेन्सिल घेऊन गेलेल्या मुलाला घाई करावी लागत नाही. डोके मानेपेक्षा किती रुंद, बाहुली गोल की उभी, पट्टे कोठे सुरू होतात, शेपूट किती आखूड, एवढे चार प्रश्न वहीत आधीच लिहून न्यावेत.

अगदी लहान मुलांसाठी वाळा उत्तम. वीतभर लांबीचा, काळपट तपकिरी हा साप कुंडीतल्या मातीत किंवा न्हाणीघराच्या मोरीत सापडतो आणि गांडूळ समजून फेकला जातो. मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन तो जगतो, डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दोन टिंबे असतात. या जातीत नर नाहीतच. सगळ्या माद्या, आणि त्या नराविना अंडी घालतात. एका मादीपासून वसाहत उभी राहते, म्हणून कुंड्यांच्या मातीतून हा साप जगभर पसरला. त्याला पट्टे नाहीत, ठिपके नाहीत, फणा नाही. जाड खडूने एक काळपट रेघ ओढावी, एका टोकाला दोन टिंबे द्यावीत; चित्र तयार.